चिंचेखालची माणसं

आमच्या ह्यांचे हात डोक्याच्या आधी चालतात. मी लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी हे सांगून ठेवलं होतं, पण कौतुकानं सांगितलं होतं, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. सूचना म्हणून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं घराणं पगडबंदांचं. सासरे तंजावरच्या दरबारात पगड्या बांधत. पुढे महाराज वारस न ठेवता गेले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि ज्यांना पगडी शोभायची ती डोकी चार दिशांना पांगली. सासरे कुंभकोणमला आले. इथे कोर्ट होतं. कोर्ट तिथे वकील आणि वकील तिथे पगडी, असा त्यांचा अंदाज, आणि तो बरोबर निघाला. त्यांच्यामागे तुकोजींनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तेच काम चालवलं. नवऱ्याचं नाव घ्यायला मी पूर्वी लाजत असे. पण पुढे कोर्टात ते नाव इतक्यांदा पुकारलं गेलं, की आता मी एकटीनं लाजून काय व्हायचं?

ह्यांच्या पगडीची खूण एकच. कापडाचं टोक कुठे संपलं ते बांधणाऱ्यावाचून कोणाला सापडता कामा नये. टोक दिसलं की ती पगडी नव्हे, मुंडासं, असं सासरे म्हणत. मग पोथीचं बासन असो की लोणच्याच्या बरणीचं तोंड, ह्यांच्या हातचं बांधलेलं मला कधी सुटलं नाही. बरणी उघडायला हाक मारली की हे येत आणि मिशीतल्या मिशीत हसत. मला राग येई, पण लोणचं हवं असे.

आता मुकुंदरावांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मुकुंदराव आमच्या विठ्ठलाच्या भजनमठाची व्यवस्था पाहतात. आदल्या वर्षी कावेरीच्या घाटावर एक परगावचा म्हातारा चक्कर येऊन पडला. मुकुंदरावांनी त्याला उचलून आपल्या ओसरीवर आणलं, पाणी पाजलं, आणि पाणी पिताच त्यानं प्राण सोडला. झालं. पोलिसांचा एकच प्रश्न: तो तुमच्याच ओसरीवर का मेला? पाण्यात काय होतं? कोर्टाच्या फेऱ्यांनी त्या माणसाचे जोडे झिजले, आणि सुटले तेव्हा अर्धे केस पांढरे झाले होते. तेव्हापासून गावात कोणी रस्त्यावर पडलं, की लोक लांब उभे राहत आणि एकमेकांना म्हणत, मुकुंदराव व्हायचंय का? होम करायला जावं आणि हात पोळून घ्यावे, हे कोणाला हवं असतं?

वैशाखातली गोष्ट. तिरुभुवनमला एका लग्नघरी नवरदेवाची पगडी बांधून आम्ही भाड्याच्या बैलगाडीनं परत येत होतो. सकाळचं ऊन नुकतं चढलं होतं. वाटेत एका मोठ्या चिंचेखाली वीसएक माणसं उभी दिसली. पंधरा हातांवर दगडाच्या लाद्यांनी भरलेली एक गाडी मोडून आडवी झाली होती, गाडीवान पळून गेला होता, आणि लाद्यांखाली एक माणूस पालथा पडला होता. त्याचं डोकं आणि खांदे मोडक्या गाडीच्या आडोशाला होते. बाहेर दिसत होता तो एक पाय, आणि त्या पायातून रक्त वाहत होतं. तो कण्हत होता. चिंचेखालचं कोणी हलत नव्हतं.

मी ह्यांचं उपरणं घट्ट धरलं. ह्यांचे हात मला माहीत होते ना.

"जावूं नका," मी म्हटलं. "नसता वंबू कशास? मुकुंदरावांचें काय झालें तें विसरलांत?"

वंबू म्हणजे लफडं. तमिळ शब्द, पण आमच्या घरात अशा वेळी मराठी शब्द सुचतच नाही.

"पावम्, बिचारा! त्याजमध्यें अजून जीव आहे," हे म्हणाले, आणि उपरणं माझ्या हातात ठेवून गाडीतून उतरले.

आमचा गाडीवान आधी तयार नव्हता. मग म्हणाला, हात लावतो, पण माझं नाव कोणी विचारलं तर मी इथे नव्हतोच. दोघांनी वाशाची तरफ करून लादी उचलली आणि माणसाला ओढून बाहेर काढलं. तरुण होता. शुद्ध हरपली होती, तोंड धुळीनं आणि रक्तानं माखलं होतं. नडगीचा चेंदामेंदा झाला होता. ह्यांनी डोक्यावरचं पागोटं उतरवलं. लग्नाच्या दिवशीही ज्यांना मी उघड्या डोक्यानं नीट पाहिलं नव्हतं, ते भर रस्त्यात वीस माणसांसमोर बोडके झाले. गुडघ्याखाली त्यांनी ते कापड असं आवळत नेलं, की बघता बघता रक्त थांबलं. मी गाडीतूनच पाहत होते. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि अभिमान वाटतो म्हणून स्वतःचाच राग येत होता.

दवाखान्यात डॉक्टर दोरै, म्हणजे गोरे साहेब, नव्हते. ते मन्नारगुडीला गेले होते, दुपारनंतर येणार होते. मलमपट्टी करणारा रंगा तेवढा होता. त्यानं माणसाला खाटेवर घेतलं आणि वही काढून नाव विचारलं. मी मागून ह्यांचा दंड चिमटला. ह्यांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, दारापुढे पारिजातक आहे तेही सांगितलं. पायाबद्दल मात्र एक शब्द सांगितला नाही. काम झालं, आता जाणत्या माणसाच्या हाती दिलं, असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर मी त्यांना परसातल्या विहिरीवर आंघोळीला पाठवलं आणि रक्ताचे कपडे भिजवले. तेवढ्यात दार वाजलं. फटीतून पाहिलं तर एक माणूस, छातीवर पट्टा, पट्ट्यावर पितळेचा बिल्ला. पगडीवाले रायर आहेत का, विचारू लागला; आम्हा मराठी माणसांना इथे रायर म्हणतात. पोलीस आले, इतक्यात आले. मी दार न उघडताच सांगितलं, नाहीत, परगावी गेलेत. कधी येतील? माहीत नाही. तो थोडा वेळ घुटमळला आणि गेला. विहिरीवर रहाटाचा आवाज चालूच होता. हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मोठं शहाणपण केलं, असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी कळलं, की तो माणूस जगला, पण पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

महिन्यानं समन्स आलं. जखमी माणसाचं नाव सेतू, तिरुभुवनमचा रेशमाचा विणकर. फिर्याद त्याच्या थोरल्या भावाची, गोपालकृष्णची. तुकोजी पगडबंदानं अज्ञानानं पाय असा आवळला, की तो मेला आणि कापावा लागला. सबब भारी दुखापत. वेंकटेश अय्यर वकील आमच्याच पगडीचे गिऱ्हाईक. त्यांनी कागद वाचून सांगितलं, सिद्ध झालं तर सात वर्षांपर्यंत तुरुंग. मग हळूच वाट दाखवली. अशी बांधलेली पट्टी अधूनमधून सैल करावी लागते. रंगानं ती केली नाही. तुम्ही साधी गाठ मारली होती, ती रंगाला सोडता आली नाही, एवढंच म्हणा. तुमच्या अंगावरचं त्याच्या अंगावर जाईल.

घरी आल्यावर हे ओसरीवर बसले. मग म्हणाले, साधी गाठ नव्हती. मी टोक आंत दडवलें. रंगाला तें सांपडलें नसणार.

मी भांडले. सात वर्षं म्हणजे काय ते बोटांवर मोजून दाखवलं. तो रंगा तुमचा कोण लागतो, म्हटलं. हे म्हणाले, सेतू तरी कोण लागत होता? असल्या माणसाशी भांडण्यात काही अर्थ नसतो. रात्रभर मला मात्र एकच गोष्ट खात होती. रंगाला टोक सापडलं नाही, तर त्यानं विचारायला कोणाला पाठवलं असेल? पितळी बिल्ला पोलिसांच्याच छातीवर असतो असं थोडंच आहे. दवाखान्याच्या शिपायाच्या छातीवरही असतो.

मग मी एक केलं. ह्यांना न सांगता शेजारणीबरोबर तिरुभुवनमला गेले. म्हटलं, पाया पडेन, फिर्याद मागे घ्या म्हणेन. सेतूच्या घरात माग रिकामा होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी पावड्या दाबायच्या, तेव्हा कुठे रेशीम विणलं जातं. त्या दोन पायांतला आता एकच उरला होता. सेतू भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको अलमेलु माझ्याहून बरीच लहान, पण बोलली मोठ्या बाईसारखी. फिर्याद सेतूला नको आहे, म्हणाली, पण मोठे दीर ऐकत नाहीत. ते घरात जेवतही नाहीत. भावासमोर येत नाहीत. बाहेर ओट्यावर बसून राहतात.

मग ती म्हणाली, "त्या चिंचेखाली वीस माणसं होती म्हणतात. त्यांच्यावर कोणी फिर्याद केली नाही, अक्का. करणार कशी? त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. ज्यानं नाव सांगितलं तो सापडला."

मी आले तशी परतले. ओट्यावर गोपालकृष्ण बसला होता. मी त्याच्यासमोर हात जोडले. त्यानं तोंड फिरवलं. दगडाचा माणूस, असं मी मनात म्हटलं आणि वाटभर त्याला शिव्या दिल्या.

खटल्याच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात खिडकीला लागून उभी राहिले. मॅजिस्ट्रेट आपल्याकडचेच, वयस्क, चष्म्याच्या वरून पाहणारे. आधी डॉक्टर दोरैंची साक्ष झाली. दुभाषी सांगत होता, पट्टी बांधली नसती तर हा माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोचला नसता. पट्टी वेळेवर सैल झाली असती तर पाय वाचला असता का? दोरै म्हणाले, कदाचित वाचला असता, कदाचित नसता. हाडांचा चुरा झाला होता. शपथेवर नक्की सांगता येत नाही.

मग रंगा उभा राहिला. वेंकटेश अय्यरांनी त्याला धारेवर धरलं. साधी पट्टी सोडता येत नाही आणि दवाखान्यात नोकरी करतोस? बिचाऱ्याला घाम फुटला. तो म्हणाला, टोकच सापडेना. कापायला कात्री घेतली, पण एकदम सुटून रक्त उसळलं तर एकट्यानं काय करणार, म्हणून हिंमत झाली नाही.

तेवढ्यात हे पिंजऱ्यातून म्हणाले, "तो खरं सांगतोय."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेटनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, कसं बांधलंत ते दाखवा. एका कारकुनाचा हात पुढे आला. ह्यांनी पागोटं उतरवलं आणि चार श्वासांत बांधून मोकळे झाले. रंगानं पाहिलं, टोक नाही. पट्टेवाल्यानं पाहिलं, नाही. शेवटी मॅजिस्ट्रेट स्वतः खाली वाकले, कारकुनाचा हात उलटासुलटा केला, आणि त्यांनाही सापडेना. कोर्टात हसू पसरलं. कारकुनाची बोटं काळी पडायला लागली तसा तो मात्र हसेना. ह्यांनी एका बोटानं ते सोडलं.

"सरकार, चूक माझी आहे," हे म्हणाले. "टोक बाहेर ठेवायला हवं होतं. वीस वर्षं लपवत आलो, तेव्हाही हातानं लपवलं. माणूस वाचवायचा होता आणि मी पगडी बांधून आलो. रंगाचा दोष नाही."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी वाटलं की आत जाऊन ह्यांच्या तोंडावर हात ठेवावा.

मॅजिस्ट्रेटनी रंगाला विचारलं, टोक सापडत नव्हतं तर बांधणाऱ्यालाच का बोलावलं नाही? पत्ता तर वहीत होता. रंगा म्हणाला, शिपायाला लगेच पाठवलं होतं. घरून निरोप आला, परगावी गेलेत.

मॅजिस्ट्रेट ह्यांच्याकडे वळले. त्या वेळी कुठे होतात?

"घरीच," हे म्हणाले. "परसात." आणि एकाएकी बोलायचे थांबले. त्यांना कळलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून पाहिलं नाही.

मग घरून निरोप कोणी दिला, मॅजिस्ट्रेटनी विचारलं. हे गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. लेखणी कागदावर थांबली होती. आता हा माणूस खोटा ठरणार, इतकं सगळं खरं सांगून माझ्यासाठी खोटा ठरणार, हे मला खिडकीबाहेरून दिसत होतं. कोर्टाचं दार लांब होतं. पण तोंड जवळ होतं, देवानं ते मला नेहमीच जास्त दिलंय.

"मी सांगितलं," मी खिडकीतून म्हटलं. "ते घरात होते. शिपायाला मी पोलीस समजले. आमचं नाव नको, खटलं नको, म्हणून दार उघडलं नाही. त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं."

सगळी डोकी खिडकीकडे वळली. बाई कोण, नाव काय, मॅजिस्ट्रेटनी विचारलं. मी म्हटलं, रुक्मिणीबाई, तुकोजी पगडबंदांची बायको. ते लिहून घेतलं. मला आत बोलावून पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं. रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, की ह्या गावात पोलिसांची भीती ही काही तुम्ही एकट्यांनी शोधून काढलेली नाही.

मग त्यांनी जाडं पुस्तक उघडलं आणि आम्हा सगळ्यांना कळेल असं तमिळमध्ये सांगितलं. कायद्यात ब्याण्णवावं कलम आहे. माणूस बेशुद्ध आहे, त्याची संमती विचारता येत नाही, त्याच्या वतीनं हो म्हणणारं त्याचं कोणी वेळेवर जवळ नाही, आणि अशा वेळी कोणी त्याच्या भल्यासाठी, मनापासून आणि काळजीनं काही केलं, तर त्यातून इजा झाली तरी तो गुन्हा नव्हे. म्हणून एक गोष्ट विचारायची राहिली, असं म्हणून ते फिर्यादीकडे वळले.

"गोपालकृष्ण, त्या वेळी त्या जागी जखमीचं कोणी नातेवाईक हजर होतं का?"

गोपालकृष्ण उभा राहिला. मग म्हणाला, "नाही." आवाज इतका बारीक होता की त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

हे सुटले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, काळजी कमी पडली असं हाच माणूस स्वतः सांगतो, पण मरणाच्या दारात हाताला येतं तेच हात करतो. जो स्वतःचा बचाव स्वतःच्या तोंडानं मोडतो, त्याच्या हेतूबद्दल आणखी पुरावा कशाला शोधू? आणि जाता जाता बजावलं, पुढच्या वेळी टोक बाहेर ठेवा. पुढच्या वेळी म्हणाले. म्हणजे पुढची वेळ येणार हे कोर्टानंही गृहीत धरलं होतं.

बाहेर आलो. मी मान खाली घालून चालत होते. तो पाय माझ्या दारावरून परत गेला होता, आता सगळ्या गावाला माहीत होतं. हे थोडं पुढे जाऊन थांबले.

"अगे, येवढें एकटीनें कां बाळगलेंस?" म्हणाले. "मजला सांगायचें होतें."

एवढंच. भर रस्त्यात मी रडले.

तोच मागून कोणी हाक मारली. गोपालकृष्ण होता. हे माझ्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले, कारण तो मारायलाच आला असं दोघांनाही वाटलं. त्यानं अंगावरचं वस्त्र काढून कमरेला गुंडाळलं, जसं देवळात गुंडाळतात, आणि ह्यांच्यासमोर उभा राहिला.

"मी कोर्टात खोटं बोललो," तो म्हणाला. "मी तिथे होतो. चिंचेखाली."

आम्हाला आधी समजलंच नाही. मग तो सांगत गेला. तो कुंभकोणमहून घरी चालला होता. गर्दी पाहून थांबला. लाद्यांखाली कोणी आहे एवढं दिसलं, कण्हणं ऐकू आलं, चेहरा दिसला नाही. बाजूचा म्हणाला, मुकुंदराव व्हायचंय का? आणि हे गाडीतून उतरले तेव्हा, आता पोलीस येतील, नावं विचारतील, म्हणून तो कालव्याच्या वाटेनं घरी निघून गेला. जेवला, झोपला. संध्याकाळी निरोप आला की तो सेतू होता.

"त्याचं कण्हणं मी ऐकलं, अण्णा," तो म्हणाला. "मला ओळखू आलं नाही. कोणाच्या तरी माथी मारायला हवं होतं. तुमचं नाव वहीत होतं."

वाटभर मी ज्याला दगड म्हणून शिव्या दिल्या होत्या, तो माणूस रस्त्यात उघड्या अंगानं उभा होता. त्याला दोष द्यायला माझ्याजवळ काय होतं? तो कालव्याच्या वाटेनं गेला आणि मी दाराआडून बोलले, एवढाच काय तो फरक. मी त्याला तसं सांगितलं.

ह्यांनी विचारलं, सेतूला सांगितलंत? तो नाही म्हणाला. त्याच्यासमोर जायचा धीर होत नाही. मग ह्यांनी हात वर करून एक गाडी थांबवली. गोपालकृष्ण चढला. मी घरी जाईन असं ह्यांना वाटलं असावं, पण ते पाय ठेवायच्या आत मी गाडीत बसले होते.

सेतूच्या घरी गेलो तेव्हा तो मागाजवळ होता. अलमेलुनं त्याला खड्ड्याच्या कडेला बसवलं होतं आणि तो एका पायानं पावडी दाबून पाहत होता. एक पावडी खाली जाई, दुसरीपाशी सगळं अडे. निकाल त्याला आधीच कळला होता. तो ह्यांना पाहून हसला आणि उठायचा प्रयत्न केला. गोपालकृष्ण दारातच थांबला आणि तिथूनच त्यानं सगळं सांगितलं, आम्हाला सांगितलं तसंच, एक शब्द कमी न करता. चिंच, कण्हणं, कालव्याची वाट, जेवण. अलमेलु भिंतीला टेकली. मला वाटलं आपण येऊन चूक केली.

रेशमावर माशी बसली होती, ती सेतूनं हातानं उडवली. मग भावाकडे न पाहता तो कडेला थोडा सरकला आणि उजव्या बाजूला जागा केली.

"ये," म्हणाला. "उजवी पावडी तू दाब. मी सांगेन तेव्हाच दाब, तुला घाई असते."

गोपालकृष्ण आला. खड्ड्यात पाय सोडून भावाच्या खांद्याला खांदा लावून बसला. दोन माणसं एका मागावर बसून विणत नाहीत, एवढं मला न विणणारीलाही कळतं. धोटा दोनदा खाली पडला, धागे तुटले, सेतू ओरडला, अलमेलु रडता रडता हसली. हे माझ्या शेजारी उभे होते, डोक्यावर पागोटं न घालता, कारण ते गाडीतच राहिलं होतं. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथे थांबलो. चार बोटं कापड झालं, वाकडं.